एक ग्रॅम लोह

नाशिकच्या सराफ बाजारात एक ग्रॅम सोनं मागितलं तर सराफ नाकातली मोरणी दाखवतो. गळ्यातलं काही एवढ्यात व्हायचं नाही, हे त्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. गरोदर बाईला नऊ महिन्यांत जे लोह लागतं तेही साधारण एवढंच, एक ग्रॅम. त्यातलं तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास बाळ आणि वार घेऊन जातात, पाचशे आईच्या स्वतःच्या वाढणाऱ्या रक्तात मुरतं आणि उरलेलं दोनशे शरीराच्या रोजच्या झिजेत जातं. बाजारात या मापाच्या लोखंडाला कुणी हिंग लावूनही विचारणार नाही. पण हा हिशेब जुळला नाही, तर त्याची वसुली बाळंतपणाच्या रात्री तासाभरात होते.

घरी बाळंत व्हावं की दवाखान्यात, हा वाद हल्ली मोठ्या तावातावाने चालतो. एका बाजूला ‘आमच्या आज्या नाही का घरीच बाळंत झाल्या’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला घर म्हटलं की कानावर हात ठेवणारे. दोन्ही बाजू बोलतात ती कळा सुरू झाल्यानंतरच्या गोष्टींबद्दल. खोली कुठली, सोबत कोण, पाण्याचा टब की पाट, टाके की बिनटाके. माझं म्हणणं असं, की या प्रश्नाचा निम्मा निकाल त्याच्या चार-पाच महिने आधीच लागलेला असतो आणि तो गरोदरपणाच्या तपासणी-कार्डावरच्या एका आकड्यात लिहिलेला असतो. नाशिक जिल्ह्यात त्या आकड्याला सगळे एकाच नावाने ओळखतात, एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन.

वैद्यकाच्या हिशेबात गरोदरपणात एचबी अकराच्या खाली गेलं की पंडुरोग, म्हणजे ॲनिमिया. दहा ते दहा पूर्णांक नऊ सौम्य, सात ते नऊ पूर्णांक नऊ मध्यम, सातच्या खाली तीव्र. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया अकराच्या खाली सापडल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ४५.७ टक्के होतं. त्याच फेरीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. बाईला दवाखान्यापर्यंत आणणं आपल्याला बरंचसं जमलं, पण तिच्या अंगात रक्त भरणं जमलेलं नाही. आणि जी पाच टक्के घरी राहिली ती सगळ्या राज्यात सारखी पसरलेली नाहीत.

नाशिकहून पेठच्या रस्त्याला लागलं की द्राक्षबागा मागे पडतात, सावळ घाट आणि कोटंबी घाट ओलांडले की भात, नागली, वरई आणि उडदाचा मुलूख सुरू होतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरचा हरसूल भाग, इगतपुरीचे डोंगरातले पाडे. राज्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या पट्ट्यांपैकी हा एक, आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी विहिरीत उतरणाऱ्या बायकांचे फोटो छापून येतात तेही इथलेच. सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी डिसेंबर २०२२ मध्ये ‘आम्हाला गुजरातला जोडा’ अशी मागणी केली होती. रस्ते, दवाखाना, वीज या गोष्टी पलीकडे डांग-वलसाडमध्ये बऱ्या मिळतात, असं त्यांचं म्हणणं. नाशिकच्या वर्तमानपत्रांत त्यावर राजकारण पुष्कळ रंगलं.

पुढच्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, इगतपुरी तालुक्यातल्या जुनवणेवाडीची बातमी आली. वाडीला रस्ता नव्हता. कळा सुरू झालेल्या बाईला भर पावसात चिखलातून चालत मुख्य रस्त्यापर्यंत यावं लागलं, पुढे एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं गेलं आणि ती दगावली. मुंबई-आग्रा महामार्ग आणि रेल्वेचं स्थानक असलेल्या तालुक्यातली ही गोष्ट.

अशा पाड्यावर घरची बाळंतपणं कुणी ठरवून करत नाही, ती होतात. नदीला पूर आहे, १०८ च्या रुग्णवाहिकेला फोन लागत नाही कारण रेंज नाही, पाड्यावर जीप आहे तिचा मालक बाजाराला गेलाय, आणि तिसऱ्या खेपेची बाई म्हणते आता वेळ नाही. शेजारची म्हातारी येते. तिने आजवर गावातली निम्मी पोरं काढलेली असतात. म्हणून या भागात ‘घरी बाळंतपणाची तयारी’ या शब्दांचा अर्थ वेगळा लावावा लागतो. दवाखान्यात जायचं ठरवलेलं असलं तरी घरी होऊ शकतं, हे धरूनच बाई तयार असली पाहिजे. आणि तयारी म्हणजे आधी रक्त.

का, ते सोप्या गणिताने सांगता येतं. गरोदरपणाच्या शेवटी बाईच्या अंगात पाच लिटर रक्त आहे असं धरू. एचबी अकरा असेल तर त्यात साडेपाचशे ग्रॅम हिमोग्लोबिन, सात असेल तर साडेतीनशे. म्हणजे अकरावाली एक तृतीयांशाहून जास्त रक्त गमावून जिथे पोचेल, तिथे सातवाली पहिली कळ येण्याआधीच उभी असते. बाळंतपणात अर्धा लिटरपर्यंत रक्त जाणं हे काही संकट मानलं जात नाही. त्याच्या पुढे गेलं की अतिरक्तस्राव म्हणायचा. धडधाकट बाई एक लिटर गेल्यावरही डॉक्टर येईपर्यंत तग धरू शकते. सातवालीला तेवढा वेळ मिळत नाही. शिवाय तिला रक्तस्राव होण्याची शक्यताही जास्त असते. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबिया या देशांतल्या मध्यम आणि तीव्र ॲनिमियाच्या बायकांवरचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम गटात ६.२ टक्के, तर तीव्र गटात ११.२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला. आणि हे सगळं दवाखान्यातल्या बाळंतपणांमध्ये.

मग आकडा मोजायचा कसा? उपकेंद्रात अनेक वर्षं साहलीची पद्धत चालत आली. बोटाला टोचून काचेच्या बारीक नळीत रक्ताचा थेंब ओढायचा, मोजनळीत सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये सोडायचा, त्याचा रंग तपकिरी होऊ द्यायचा आणि मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या ठरीव तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. जुळला की नळीवरची रेघ वाचायची. हे सगळं खिडकीच्या उजेडात, नर्सबाईच्या डोळ्यांच्या भरवशावर. बाहेर ढग आणि दारात पंचवीस बायकांची रांग असेल तर साडेआठ आणि साडेनऊमध्ये फरक करायचा तो कसा? आता पट्टीवर थेंब घेणारी डिजिटल यंत्रं आली आहेत. पट्ट्या संपल्या की पुन्हा डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघणं आलंच.

आकडा कळला की गोळी. लाल रंगाची, साखरेचं कवच असलेली. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमिया मुक्त भारत मोहिमेनुसार चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. एचबी सात ते अकराच्या मध्ये असेल तर रोज दोन. एका महिन्यात एचबीत निदान एक ग्रॅम वाढ झाली पाहिजे. नाही झाली तर वरच्या दवाखान्यात पाठवायचं. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. गोळी फुकट आहे, आशाताई घरपोच देते. तरी वरच्याच पाहणीत १८० दिवस गोळ्या घेतल्या असं सांगणाऱ्या आया देशभरात फक्त २६ टक्के निघाल्या.

बाकीच्यांच्या गोळ्या जातात कुठे? फडताळात, डब्यात, कधी उकिरड्यावर. आणि न खाण्याची कारणं अडाणीपणात मोडत नाहीत. गोळीने मळमळतं, तोंडाला लोखंडाची चव येते, शौच काळी होते, पोट कडक होतं. ‘गोळी उष्ण पडते’ हे त्या सगळ्याचं एका वाक्यातलं निदान. दुसरं कारण जास्त खोल आहे. गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि मग अडतं, ही भीती. हसण्यावारी नेऊ नये अशी ही गोष्ट आहे. ज्या पाड्यावरून अडलेल्या बाईला चार तास कुठेच नेता येत नाही, तिथे लहान बाळ होणं ही सासूच्या दृष्टीने सुरक्षिततेची व्यवस्था असते. तिला ‘बाळाचं वजन वाढेल’ असं सांगून गोळी खपवायला जाणं म्हणजे तिच्या भीतीला खतपाणी. त्याऐवजी ‘रक्त गेलं तरी सून तग धरेल’ असं सांगितलं तर ते लगेच पटतं, कारण बाळंतपणात रक्त जाऊन गेलेली एखादी बाई प्रत्येक पाड्याला ठाऊक असते.

गोळी घेण्याची रीतही कुणी नीट समजावून देत नाही. चहाबरोबर घेतली तर लोहाचं शोषण निम्म्याहून कमी होतं, आणि आपल्याकडे सकाळी पोटात जाणारी पहिली गोष्ट चहाच. कॅल्शियमची गोळी सरकारच देतं, पण ती लोहाबरोबर घेतली की दोघींचं भांडण. मध्ये दोन तास गेले पाहिजेत. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घेतली तर शोषण वाढतं. उपाशीपोटी झेपत नसेल तर रात्री जेवणानंतर तासाभराने, झोपताना. मळमळ झोपेत निघून जाते. दुसऱ्या तिमाहीत जंताची गोळी एकदा घ्यावी लागते, कारण अनवाणी पायांनी भात लावणाऱ्या बाईच्या आतड्यात अंकुशकृमी असतील तर वरून भरलेलं लोह खालून गळतं. झुरिचच्या एका संशोधनात एक दिवसाआड घेतलेली गोळी जास्त चांगली मुरते असं २०१७ मध्ये दिसलं होतं. पण तो अभ्यास गरोदर नसलेल्या स्त्रियांवरचा होता, तेव्हा मनाने एक दिवसाआड सुरू करू नये. पोटाला फारच त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारावं. बंद करण्यापेक्षा कमी घेणं केव्हाही बरं.

नाशिकच्या या पट्ट्यात आणखी एक गोम आहे. आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो, आणि सिकलसेलमुळे कमी झालेलं रक्त नुसत्या लोहाने वाढत नाही. केंद्राने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. त्यामुळे महिनाभर नेमाने गोळ्या खाऊनही आकडा हलत नसेल तर बाईला ‘तू गोळ्या खात नाहीस’ असं झापण्याआधी तिची ही तपासणी करावी. खोटं पाडलं गेलेलं माणूस पुढच्या महिन्यात तपासणीला येत नाही.

वेळेचं गणित मात्र निष्ठुर आहे. समजा पन्नास किलोची बाई आहे, एचबी आठ, न्यायचंय अकरापर्यंत. दवाखान्यात वापरतात त्या सूत्राने तिला किती लोह लागेल? वजन गुणिले तीन ग्रॅमची तूट गुणिले २.४, म्हणजे ३६०; त्यात साठ्यासाठी ५०० मिळवायचे. एकूण ८६० मिलिग्रॅम. रोजच्या दोन गोळ्यांत १२० मिलिग्रॅम असतं, पण अंगी लागतं त्याचा दहावा, फार तर पाचवा हिस्सा. बारा ते चोवीस. म्हणजे एक महिना तर पुरत नाहीच, बारानेच मुरलं तर दोन महिनेही कमी पडतात. चौथ्या महिन्यात कळलं तर गोळ्यांनी काम होतं. आठव्या महिन्यात कळलं तर नाही. तेव्हा शिरेतून लोह द्यावं लागतं. आयर्न सुक्रोज एका वेळी दोनशे मिलिग्रॅम, एक दिवसाआड, चार-पाच खेपा. किंवा फेरिक कार्बोक्सीमाल्टोज, एका बैठकीत हजार मिलिग्रॅमपर्यंत, पंधरा-वीस मिनिटांत. पाड्यावरून येणाऱ्या बाईसाठी पाच खेपा आणि एक खेप यांत चार दिवसांच्या मजुरीचं आणि जीपभाड्याचं अंतर आहे. माझ्या मते आदिवासी तालुक्यांत हे दुसरं औषध आधी पोचायला हवं. शहरातल्या बाईला रिक्षा मिळते. पाचच्याही खाली आकडा असेल, किंवा शेवटच्या महिन्यांत सातच्या खाली, तर मात्र थेट भरती. तिथे रक्त चढवण्याची सोय लागते.

आणि बाई गावात असेल तर हे सगळं. पाऊस सरला, भात कापून झाला की पेठ-सुरगाण्याची माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांवर उतरतात. ऑक्टोबरची छाटणी, मग शेंडे खुडणं, थिनिंग, डिपिंग, पुढे काढणी. पोटुशी बाईही येते, कारण जोडीने काम घेतलेलं असतं. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड गावात राहतं, गोळ्या गावच्या आशाताईकडे, आणि बागेजवळच्या उपकेंद्राच्या यादीत तिचं नाव नसतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, २०१६ पासून. कुठल्याही गावच्या बाईला तिथे जाता येतं. पण मण्यांची विरळणी ऐन भरात असताना ९ तारखेचा खाडा कोण करणार? मालकाला वाइनसाठी कुठलं द्राक्ष किती साखरेवर काढायचं ते दशांशात ठाऊक असतं. त्याच्याच बागेतल्या बाईचा आकडा त्याने विचारावा, अशी अपेक्षा करायला काय हरकत आहे?

आता स्वयंपाकघराकडे. ‘रक्त वाढायला’ म्हणून नाशकात सगळ्यात आधी हातात ठेवतात ते डाळिंब. सटाणा-मालेगावकडे पिकतं, लालभडक असतं, त्यामुळे पटतंही. शंभर ग्रॅम दाण्यांत लोह असतं ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास. बिटाचंही तेच, एक मिलिग्रॅमच्याही खाली. लाल रंगाचा आणि रक्ताचा संबंध आपण डोळ्यांनी जोडलाय. याउलट काळपट, दिसायला गरीब नागलीत शंभर ग्रॅमला चार-साडेचार मिलिग्रॅम लोह आहे, वर कॅल्शियम साडेतीनशेच्या आसपास. पावसाळ्यातल्या रानभाज्या, कुर्डू, तांदुळजा, शेवग्याचा पाला, सुकट, कोंबडीचं काळीज ही खरी रक्ताची माणसं. वनस्पतीतलं लोह मुरतं मात्र जेमतेम पाच-दहा टक्के, त्यामुळे भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा हिरवी मिरची-कोथिंबिरीची चटणी हवीच. लोखंडी कढईत आंबट घालून शिजवलेल्या कालवणात कढईचं लोह थोडं उतरतं, हेही खरं. पण एचबी आठ असताना नुसत्या भाकरी-भाजीवर ते अकरा होणार नाही. आहार घसरण थांबवतो, तूट भरून काढायला औषधच लागतं. शहरी सल्लागार हे सांगायचं टाळतात आणि खजुराच्या पाककृती देतात.

आपल्या परंपरेची एक गंमत आहे. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, हे सगळं लोहाचं आणि ताकदीचं ताट बाईपुढे येतं ते बाळंतपण झाल्यावर. अळीव तर गरोदरपणात उष्ण म्हणून वर्ज्यच. रक्त जाऊन झाल्यावर भरपाई करायची, जाण्याआधी शिल्लक ठेवायची नाही. पूर्वी ते समजण्यासारखं होतं, गरोदरपण टिकेल की नाही याचाच भरवसा नसे. आदिवासी भागात २०१५ पासून चालणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना हा क्रम थोडा बदलते. शेवटच्या तिमाहीतल्या बाईला अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण, भात-भाकरी, डाळ, भाजी, अंडं. तिसऱ्या तिमाहीऐवजी चौथ्या महिन्यापासून हे मिळालं असतं तर जास्त बरं झालं असतं, असं मला वाटतं. वरचं वेळेचं गणित तेच सांगतं.

लाल गोळीतल्या फॉलिक ॲसिडची गोष्ट मुंबईत सुरू होते, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त भराभर कमी होत होतं आणि त्यात त्या दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत बसून विल्सबाईंनी त्या काय खातात याचा माग काढला. उंदीर आणि माकडांवर प्रयोग केले. शेवटी यीस्टचा अर्क, मार्माइट नावाने विकला जाणारा, दिल्यावर या बायका बऱ्या होतात असं त्यांनी दाखवलं. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. त्या अर्कातलं नेमकं द्रव्य कोणतं ते विल्सबाईंना माहीत नव्हतं. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं. आज जगभरच्या गरोदर बायका जे रोज गिळतात, त्याचा पहिला धागा गिरणगावातल्या बायकांच्या रक्तात सापडला होता.

दुसरी गोष्ट बेळगावची, आणि ती थेट घरच्या बाळंतपणाची. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि अमेरिकी डॉक्टरांच्या गटाने बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक चाचणी केली. घरी किंवा उपकेंद्रात, डॉक्टर नसताना, नर्सबाईच्या हातून बाळंत होणाऱ्या १,६२० बायका. निम्म्यांना बाळ झाल्याबरोबर रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं आणि एक लिटरच्या वरचा स्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ वर. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. पण मला त्यातलं मोलाचं वाटतं ते प्लॅस्टिक.

गेलेलं रक्त मोजायचं कसं, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न होता. घरात बाई गोधडीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर असते. गोधडी पिते, जमीन पिते, लुगडं पितं. बघणारी म्हणते, ‘गेलं थोडंफार’. या गटाने प्लॅस्टिकची एक चादर केली. बाईच्या कमरेखाली सरकवायची, वरून नाडीने बांधायची. खालचा भाग नरसाळ्यासारखा निमुळता होत जाऊन पिशवी होतो आणि पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. बाळ आणि गर्भजल बाहेर आल्यावर ती लावायची आणि रेघ बघत राहायचं. पाचशे ओलांडलं की धावपळ सुरू. डोळ्यांचा अंदाज आणि पिशवीतली रेघ यांत मोठी तफावत निघते, अंदाज जवळजवळ नेहमी कमीच असतो. पुढे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आफ्रिकेतल्या चार देशांत अशाच मापाच्या चादरीला उपचारांच्या ठरीव क्रमाची जोड दिली, तेव्हा तीव्र रक्तस्राव आणि त्यातून येणारी संकटं ६० टक्क्यांनी घटली. साधी पिशवी, पण तिने ‘थोडंफार’ या शब्दाची सुट्टी केली.

आता शहराकडे, नाशिकच्या गंगापूर रोडकडे येऊ. जाणूनबुजून घरी बाळंत व्हायचं ठरवणाऱ्या जोडप्यांची हवा मोठ्या शहरांतून नाशकातही येते आहे. त्यांची टिंगल मला करवत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. लेबर रूममध्ये एकटं पडणं, ओरडा खाणं, न विचारता छेद घेणं यांना कंटाळून बाई घराचा विचार करते, तर दोष कुणाचा? कायद्याने घरी बाळंत होण्याला बंदी नाही. २१ दिवसांत जन्माची नोंद मनपात किंवा ग्रामपंचायतीत करायची, एवढंच. अडचण पुढे आहे. सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफ घडवण्याचं धोरण आणलं, अठरा महिन्यांचं प्रशिक्षण ठरवलं, पण त्या मिडवाइफ दवाखान्यातल्या कक्षांसाठी. घरी येणारी, सरकारी यंत्रणेशी जोडलेली आणि वेळ आली तर तुमच्यासोबत भरती होणारी मिडवाइफ नाशकात कुठून आणणार?

‘विलायतेत तर घरीच होतात’ हा दाखला नेहमी दिला जातो, तर विलायतेचीच नियमावली बघू. तिथे एचबी साडेआठच्या खाली असेल तर घर नाही, थेट प्रसूतीतज्ज्ञांचा दवाखाना. साडेआठ ते साडेदहा असेल तर प्रत्येक बाईचा स्वतंत्र विचार. सिकलसेलचा आजार असेल तर घराचा प्रश्नच येत नाही. आणि २०११ च्या तिथल्या मोठ्या पाहणीत घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्क्यांना मध्येच दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्यांच्या दारात रुग्णवाहिका येते. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला एक जोडपं व्हिडिओ बघून घरी बाळंतपण करायला गेलं आणि बाई रक्तस्रावाने गेली.

तेव्हा शहरात कुणी घरी बाळंत व्हायचं म्हणालं तर माझा पहिला प्रश्न टबाचा नसतो. चौथ्या महिन्यात एचबी किती होतं, सातव्यात किती, फेरिटिन तपासलं का? फेरिटिन म्हणजे साठा. एचबी अकरा असूनही तो तीसच्या खाली असेल तर कोठी रिकामीच. छत्तिसाव्या आठवड्यात आकडा अकराच्या खाली असेल तर घराचा बेत सोडून द्यावा, दहाच्या खाली असेल तर त्यावर चर्चासुद्धा नको. रक्तस्राव रोखायला बाळ झाल्याबरोबर मांडीत टोचायचं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. ते कोण आणणार, कोण टोचणार? रक्तपेढी किती मिनिटांवर, गाडी कुणाची, रात्री अडीच वाजता ड्रायव्हर कोण? याची उत्तरं नसतील तर दवाखाना बरा, फक्त निवडून घेतलेला.

जुन्या सुइणींची एक रीत मात्र विज्ञानाने उचलून धरली आहे. अनेक ठिकाणी त्या वार पडल्याशिवाय नाळ कापत नसत. दवाखान्यांत मधल्या काळात बाळ बाहेर येताच नाळ कापायची घाई सुरू झाली. आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते, निदान एक मिनिट तरी थांबा. त्या एक ते तीन मिनिटांत वारेतलं ऐंशी ते शंभर मिलिलिटर रक्त बाळाकडे जातं आणि त्याला पहिल्या काही महिन्यांचं लोह मिळतं. सुईण म्हणून काम करणाऱ्या म्हाताऱ्या आता थोड्याच उरल्या. त्यांना हुसकावून लावण्यापेक्षा जन्मसोबती म्हणून आरोग्य केंद्राच्या खोलीत बाईच्या उशाशी बसवलं तर बाई दवाखान्यात यायला एवढी कचरणार नाही. आदिवासी जिल्ह्यांत आरोग्य केंद्राला लागून ‘माहेरघर’ असतं, बाईने दिवस भरत आले की घरच्या एका बाईसह तिथे येऊन राहावं म्हणून. त्या घरच्या बाईच्या जागी पाड्याची सुईण का नको?

शेवटी राहते ती दुसरी १८० गोळ्यांची खेप. बाळंतपण झालं की रजिस्टरवर बाईच्या नावापुढे ‘सुखरूप’ लिहिलं जातं, पैसे खात्यात जमा होतात आणि आशाताईची नजर बाळाच्या लसींकडे वळते. पाचशे मिलिलिटर रक्त गेलं असेल तर अकरा एचबीच्या हिशेबाने एकशे ऐंशीच्या वर मिलिग्रॅम लोह गेलेलं असतं. आईच्या गोळ्या पुढचे सहा महिने चालल्या का, याची चौकशी क्वचित होते. पावसाळ्यात बाळंत झालेली बाई दिवाळीनंतर बाळाला झोळीत बांधून छाटणीला बागेवर येते. पुढच्या खेपेला चौथ्या महिन्यात नर्सबाई तिच्या बोटाला टोचेल, तेव्हा जो आकडा निघेल तो या सहा महिन्यांत ठरलेला असेल.